उन्हाळ्यात टेकडीवर पळायचंय? आधी वजनकाट्यावर उभे राहा

सिंहगडावर ताकवाल्या मावशींच्या हातात पाचशेची नोट देऊन मी सुटे न घेताच चालू लागले होते. मावशी मागून हाका मारत होत्या आणि मला त्यांचा राग येत होता. का, ते आजही सांगता येत नाही. एप्रिलमधला रविवार होता. मैत्रिणीची वाट बघण्यात आतकरवाडीतून चढायला सव्वाआठ वाजले होते. जवळ अर्ध्या लिटरची एकच बाटली होती आणि तीही मी घोट घोट पुरवत होते, कारण वाटेत बायकांना जायला सोय नाही हे पक्कं ठाऊक होतं. शेवटच्या टप्प्यात भर उन्हात अंगावर शहारे आले. मला वाटलं, वारा सुटलाय.

वारा नव्हता. मैत्रिणीने सावलीत बसवलं, मानेवर ओला रुमाल ठेवला, ताक पाजलं आणि जीपने खाली आणलं. संध्याकाळी सहज काट्यावर उभी राहिले. सकाळी ५८.४ किलो होते, आता ५६.६. मधे ताक, सरबत, पाणी सगळं पोटात जाऊनही पावणेदोन किलोच्या वर गायब. त्या दिवसापासून मी उन्हाळ्यात वजनाची वही ठेवते. मी डॉक्टर नाही, बँकेत आहे. वाचलेलं स्वतःच्या अंगावर लावून बघायचं आणि आकडे मांडायचे, एवढंच मला येतं. एप्रिल-मेमध्ये पुण्यातल्या पर्वती, तळजाई, वेताळ टेकडीवर किंवा मैदानावर पळायला नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींनी तर जरूर वाचावं.

१. आधी माठ समजून घ्या

माठातलं पाणी गार का होतं? माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी हवेत उडतं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं. आपलं शरीर उन्हात नेमकं हेच करतं.

पळताना स्नायू जेवढी ऊर्जा जाळतात, त्यातला जेमतेम पाव भाग कामाला लागतो. उरलेल्याची उष्णता होते. ६० किलोचा माणूस ताशी ८ किलोमीटर वेगाने पळाला तर तासाला साधारण ४८० किलोकॅलरी जळतात आणि त्यातल्या साडेतीनशेच्या वर नुसतं अंग तापवायला जातात. ही उष्णता बाहेर पडलीच नाही, तर दर आठेक मिनिटांनी शरीर एक अंशाने तापेल. म्हणजे ३७ वरून ४० वर जायला अर्धा तासही नको. तसं होत नाही, कारण एक लिटर घाम पूर्ण वाळला की तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो.

‘पूर्ण वाळला की’ हे शब्द लक्षात ठेवा. हनुवटीवरून टपकलेला घाम काही गार करत नाही. तो माठाच्या तळाशी साचलेल्या पाण्यासारखा, वाया गेलेला.

आता पाणी कमी पडलं की काय होतं ते बघू. घाम रक्तातल्या पाण्यातूनच येतो. रक्ताचं आकारमान घटलं की हृदय एका ठोक्यात कमी रक्त ढकलतं आणि ती तूट ठोके वाढवून भरून काढतं. त्या अपुऱ्या रक्तावर दोघांचा हक्क असतो: पळणाऱ्या स्नायूंना ते हवं असतं आणि आतली उष्णता बाहेर आणण्यासाठी त्वचेलाही. ओढाताणीत त्वचेच्या वाट्याला कमी येतं. दुसरीकडे रक्त खारट होत जातं आणि मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र घामाच्या बाबतीत हात आखडतं. एरवी ज्या तापमानाला घाम सुटला असता, तिथे तो सुटत नाही. अंग आणखी तापावं लागतं.

याचा ढोबळ हिशोब असा: वजनाच्या दर एक टक्का पाणी घटलं की त्याच वेगाला शरीराचं आतलं तापमान ०.१ ते ०.२ अंशाने जास्त चढतं आणि नाडी मिनिटाला ३ ते ५ ठोक्यांनी वाढते. माझी तूट तीन टक्क्यांची होती. म्हणजे चढाने आणि उन्हाने अंग तापलं होतंच, त्यावर आणखी जवळपास अर्धा अंश. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ३९.५ वर असलेल्या माणसासाठी हा अर्धा अंश किरकोळ नसतो.

२. काय काय जवळ हवं

- डिजिटल वजनकाटा. १०० ग्रॅमचा फरक दाखवणारा असावा. काट्याच्या मोठ्या पांढऱ्या तबकडीवर हा खेळ जमत नाही.
- वही. मोबाइलमधली नोंद चालेल, पण मी तरी वहीच वापरते.
- मापाच्या खुणा असलेली बाटली. किती प्यायलो ते अंदाजाने सांगणारे सगळेच चुकतात.
- फिकट रंगाचा, सैल, पटकन वाळणारा टी-शर्ट. जाड सुती बनियन घाम धरून ठेवतं.
- कडेने सावली देणारी टोपी आणि एक सुती पंचा. पंचाचं काम पुढे येईल.
- औषधाच्या दुकानातल्या ओआरएसच्या दोन पुड्या.
- खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक चिठ्ठी: नाव, रक्तगट, चालू औषधं, घरच्यांचा फोन नंबर. स्पर्धेत धावणार असाल तर छातीवरच्या नंबराच्या मागच्या बाजूला हेच लिहा.

रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा त्रास असेल किंवा चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदाच पळणार असाल, तर आधी डॉक्टरांना भेटा आणि चालू औषधांची यादी दाखवा. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या पाणी कमी करतात, सर्दीच्या काही गोळ्या घाम कमी करतात. अंगदुखीची गोळी घेऊन उन्हात पळायचं नाही; पाणी कमी असताना ती मूत्रपिंडावर ताण आणते. ताप, जुलाब किंवा आदल्या रात्रीची पार्टी असेल त्या दिवशी सुट्टी.

आणि खिशातला कांदा? आमची आजी कांदा दिल्याशिवाय उन्हात पाठवायची नाही. ठेवा हवं तर, वास सोडून दुसरा काही परिणाम नाही. आजी त्याबरोबर डोक्यावर ओला पंचाही टाकायची. फरक पडत होता तो पंचाने.

३. वजनकाट्याची परीक्षा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि लोक नेमका हाच टाळतात. ‘तासाला किती पाणी प्यावं?’ असं मला सारखं विचारतात. याचं एकच उत्तर नाही. कुणाला तासाला अर्धा लिटर घाम येतो, कुणाला दोन लिटर. शेजारी पळणाऱ्याच्या बाटलीकडे बघून तुमचं उत्तर निघणार नाही.

पद्धत सोपी आहे. लघवी करून या, कपडे काढून वजन करा. तासभर नेहमीच्या वेगाने पळा किंवा चढा. वाटेत किती मिलिलिटर प्यायलात ते लक्षात ठेवा. घरी आल्याबरोबर, पाणी प्यायच्या आधी, अंग पुसून पुन्हा कपड्यांशिवाय वजन करा. ओले कपडे दोन-तीनशे ग्रॅम सहज लपवतात. एक किलो घट म्हणजे एक लिटर पाणी धरायचं.

घाम म्हणजे घटलेलं वजन अधिक प्यायलेलं पाणी. मधे लघवीला गेला असाल तर तेवढं वजा.

तळजाईवरची माझी एप्रिलमधली नोंद: आधी ५८.४, नंतर ५७.७, वाटेत २५० मिलिलिटर पाणी. म्हणजे ७०० अधिक २५०, तासाला ९५० मिलिलिटर घाम. तूट ५८.४ मध्ये ०.७, साधारण १.२ टक्के. हे चालतं. दोन टक्क्यांच्या पुढे गेलं की बहुतेकांचा वेग घसरायला लागतो आणि तापमानाचा चढ जाणवण्याइतका होतो. म्हणून माझी लक्ष्मणरेषा दोन टक्के. ५८ किलोच्या माणसाला ती १.२ किलोपाशी येते, ७५ किलोच्या माणसाला दीड किलोपाशी.

याच रस्त्यावर, याच वेगाने डिसेंबरात मला तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास घाम येतो. म्हणजे डिसेंबरच्या मॅरेथॉनच्या वेळी बसवलेलं पाण्याचं गणित एप्रिलमध्ये उपयोगाचं नाही. निदान तीन वेळा परीक्षा घ्या: एकदा थंडीत, एकदा एप्रिलच्या कोरड्या उन्हात आणि एकदा मेअखेर वळीव पडून गेल्यावर.

इथे दोन फसगती होतात. पहिली वजन कमी करायला निघालेल्यांची. पळून आल्यावर काटा एक किलो कमी दाखवतो आणि माणूस खूश होतो. ती चरबी नाही हो, पाणी आहे. दुसरी याहून वाईट: घाम काढायचा म्हणून अंगात प्लॅस्टिकचं जाकीट घालून पळणं. माठाला बाहेरून ऑइलपेंट लावल्यासारखं आहे हे. घाम धबाधबा येतो, वाळत मात्र नाही. पाणी जातं आणि उष्णता आतच राहते. एप्रिलमध्ये कुणी तसं पळताना दिसलं तर मी ओळख नसतानाही टोकते. पुण्यात राहून एवढा हक्क बजावायलाच हवा.

काटा नसेल तेव्हा सकाळच्या लघवीचा रंग बघा. पातळ लिंबू सरबतासारखा असेल तर ठीक, सफरचंदाच्या रसासारखा गडद असेल तर तुम्ही तुटीतच निघाला आहात. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेत असाल तर हा रंग फसवतो. पळून आल्यावर लघवी कोकाकोलासारखी काळपट झाली, तर मात्र पाणी पीत घरी बसायचं नाही. थेट दवाखाना गाठा. स्नायू तुटून मूत्रपिंडाला इजा होत असल्याची ती खूण असू शकते.

४. पुण्याची हवा आणि पुण्याचं घड्याळ

पुण्याचा एप्रिल कोरडा असतो. घाम येता येताच वाळतो, त्यामुळे ‘मला काही घाम आला नाही’ असं वाटतं. टी-शर्टवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले दिसतात तेव्हा उलगडा होतो. मुंबईहून आलेल्या माझ्या आतेभावाची पहिल्याच रविवारी अशी फसगत झाली. तिकडे निथळायची सवय, इथे अंग कोरडं. म्हणून त्याने बाटलीला हातच लावला नाही.

मेच्या शेवटी आणि जूनमध्ये चित्र उलटतं. दुपारी वळीव कोसळतो, दुसऱ्या दिवशी पारा चार अंशांनी खाली असतो, आणि तरीही पळताना जीव घाबरा होतो. हवेत आधीच बाष्प असतं, घाम वाळत नाही. पावसाळ्यात माठातलं पाणी गार होत नाही, तसंच. म्हणून नुसतं तापमान बघू नका, आर्द्रताही बघा. हवामान खात्याच्या ‘मौसम’ ॲपवर दोन्ही मिळतात. आकडा शिवाजीनगरचा असेल आणि तुम्ही लोहगाव किंवा कोरेगाव पार्ककडचे असाल तर मनातल्या मनात अंश-दोन अंश वाढवा. शिवाजीनगरलाही कमी समजू नका. एप्रिल २०१९ च्या शेवटी तिथे ४३ अंशांची नोंद झाली होती.

वेळ कोणती? पहाट. दिवसातलं सगळ्यात कमी तापमान सूर्योदयाच्या सुमारास असतं आणि मेमध्ये पुण्यात सूर्य सहाच्या आसपास उगवतो. साडेपाचला सुरुवात, सातला घरी. वारकऱ्यांकडे बघा. दिवे घाटाच्या दिवशी पालखी पहाटेच पुण्यातून निघते, आणि तोही आषाढाच्या तोंडावर. संध्याकाळी पळणाऱ्यांनी सातच्या आधी बाहेर पडू नये. डांबर आणि काँक्रीट दिवसभराची धग परत देत असतात. त्यापेक्षा झाडं आणि मातीची वाट असलेली टेकडी बरी.

५. पहिले चौदा दिवस वेग विसरा

उन्हाची सवय होते, पण ती उन्हात हालचाल करूनच होते. पंख्याखाली बसून एप्रिल काढला तर ती लागत नाही आणि दिवसभर एसीत बसणाऱ्यांना तर आणखी उशीर लागतो. १० ते १४ दिवस धरा.

पहिल्या तीन-पाच दिवसांत शरीर रक्तातलं पाणी वाढवतं, त्याच वेगाला नाडी कमी लागते. मग घाम लवकर सुटायला लागतो, जास्त सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. पहिल्या दिवशी २० ते ३० मिनिटं, बोलता बोलता पळता येईल एवढ्याच वेगाने. दर दोन दिवसांनी पाच-दहा मिनिटं वाढवा. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तासावर या. मग वेगाला हात लावा. दोन-तीन आठवडे खंड पडला तर बरीचशी सवय मोडते आणि पुन्हा पहिल्यापासून.

इथला गैरसमज फार चिवट आहे: ‘सवय झाली की पाणी कमी लागतं.’ उलट आहे. सवय झालेल्या माणसाला घाम जास्त येतो, म्हणून पाणीही जास्त लागतं. मैदानावर भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना ‘पाणी न पिता पळ, काटक होशील’ असं सांगणारे उस्ताद मी कानांनी ऐकलेत. उन्हाची सवय लावता येते, पाण्याविना राहण्याची नाही. तहानलेल्या शरीराचं तापमान सवय झालेल्या माणसातही वर जातंच, आणि सवयीने कमावलेला फायदा त्यातच खर्ची पडतो.

६. पाणी: कधी, किती, कोणतं

निघण्याआधी. उठल्या उठल्या दोन पेले, साधारण ३०० ते ४०० मिलिलिटर. आदल्या संध्याकाळी नीट प्यायला असाल तर एवढं पुरतं. चहा घेतला तर चालतो का? चालतो. एका कपाने शरीर कोरडं पडत नाही, अमृततुल्यवाल्यांना उगाच बदनाम करू नका.

बायकांसाठी थोडं वेगळं. टेकडीवर सोय नसते म्हणून आपण पाणीच पीत नाही. मी तेच केलं होतं. त्यावर माझा तोडगा असा: निघायच्या दीड तास आधी एक मोठा पेला पिऊन टाकायचा. जास्तीचं पाणी निघायच्या आधीच बाहेर पडतं. मग पळताना घोट घोट प्यायलेलं घामातच जातं, लघवीची घाई होत नाही. रस्ता निवडताना सोय कुठे आहे ते आधी बघून ठेवायचं आणि घराभोवती दोन फेऱ्या पडतील असा मार्ग आखायचा. मासिक पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात शरीराचं मूळ तापमानच ०.३ ते ०.५ अंशाने वर असतं. त्या दिवसांत तोच चढ जड गेला तर स्वतःला आळशी म्हणू नका, वेग कमी करा.

पळताना. पाऊण तासाच्या आत असेल तर तहान लागेल तेव्हा प्या, एवढंच. त्याहून लांब असेल तर दर १५-२० मिनिटांनी १५० ते २०० मिलिलिटर. हा आकडा वहीतल्या घामाशी ताडून बघा. घामापेक्षा जास्त कधीच नाही. तूट अगदी शून्यावर आणायचीही गरज नाही, दोन टक्क्यांच्या आत राहिलं की झालं.

गार पाणी प्यायला हरकत नाही. घसा धरतो म्हणून पहाटेही कोमट पाणी नेणारे आहेत, त्यांनी हा हिशोब बघावा: फ्रीजमधलं अर्धा लिटर पाणी ३७ अंशांपर्यंत तापायला सुमारे १६ किलोकॅलरी घेतं. ६० किलोच्या माणसाला तेवढ्याने ०.३ अंश तरी उसंत मिळते.

आल्यावर. घटलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर, तेही दोन-तीन तासांत वाटून. एका दमात नाही. जोडीला मीठ हवंच, नाहीतर प्यायलेलं तसंच लघवीतून निघून जातं. मीठ घातलेलं ताक, कोकम सरबत, पन्हं, लिंबू सरबत, नाहीतर सरळ पोहे आणि पाणी. उसाचा रस नंतर ठीक. पळताना एवढी साखर पोटात जड बसते.

ओआरएस तासाभराच्या पळण्याला लागत नाही. के टू एस, म्हणजे कात्रज ते सिंहगड, असं काही तासनतास चालणारं असेल, किंवा टी-शर्टवर मिठाचे जाड पट्टे उमटत असतील, तर घ्या. पूर्ण पुडी एक लिटर पाण्यात. अर्धी पुडी पेल्यात ढवळायची नाही. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चवीला ते अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. कागदी खोक्यातल्या गोड पेयांना ओआरएस समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ‘ओआरएस’ हा शब्द छापायला ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, बंदी केली, ती याच घोळापायी. रक्तदाब असणाऱ्यांनी मिठाचं डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

७. पाण्याचा अतिरेक

एकदा फटका बसला की माणूस दुसऱ्या टोकाला जातो. सिंहगडानंतर महिनाभर मी दोन लिटरची पिशवी पाठीवर घेऊन पळत होते, आणि एका रविवारी काटा चक्क ४०० ग्रॅम वाढलेला. डोकं दुखत होतं, बोटातली अंगठी निघेना. नशिबाने तेवढ्यावरच भागलं.

घामापेक्षा जास्त साधं पाणी प्यायलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, मेंदूला सूज येऊ शकते आणि त्यात माणूस दगावतोही. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं. पळताना वजन वाढणं ही त्यातली सगळ्यात ठळक खूण होती. फार वेगाने पळणाऱ्यांना हे सहसा होत नाही. रमतगमत, प्रत्येक टेबलापाशी थांबून पेला रिचवणाऱ्यांना होतं. पळून आल्यावर वजन वाढलेलं दिसलं आणि मळमळ, डोकेदुखी असेल तर आणखी पाणी पाजू नका, दवाखान्यात न्या.

८. थांबायचं कधी

माझ्या यादीत पहिला नंबर शहाऱ्यांचा. उन्हात थंडी वाजली की तिथेच थांबायचं. मग चिडचिड, अडखळणारे पाय, मळमळ, ठणकणारं डोकं, आणि वेग कमी करूनही खाली न येणारी नाडी. चिडचीड स्वतःला कळत नाही, ती बरोबरच्याला दिसते. म्हणून एप्रिल-मेमध्ये एकट्याने लांब पळू नका, आणि सोबतीण ‘बस’ म्हणाली की वाद न घालता बसायचं असं घरून निघतानाच ठरवून घ्या.

आता ज्या समजुतीपायी लोक दवाखान्यात पोचतात ती. ‘मी पाणी पीत होतो, मला ऊन कसं लागेल?’ लागतं. घाम उष्णता बाहेर टाकतो, पाणी त्या घामाचा खर्च भागवतं; पण उष्णता तयार होते ती तुमच्या वेगाने. पाच-दहा किलोमीटरच्या शर्यतीत जीव तोडून पळणारा तरुण, अंगात पुरेसं पाणी असूनही, उष्माघाताने कोसळू शकतो, कारण उष्णता येण्याचा वेग जाण्यापेक्षा जास्त असतो. भरतीचे १६०० मीटर दुपारी जीव तोडून पुन्हा पुन्हा मारणारी मुलं याच धोक्यात असतात. अशा वेळी बाटली नव्हे, वेग कमी करणं उपयोगी पडतं.

दुसरी समजूत: घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही. दुपारी घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला ऊन लागलं तर अंग कोरडं पडतं, खरं. पळताना होणाऱ्या उष्माघातात माणूस बहुधा घामाने भिजलेलाच असतो. काखेतला थर्मामीटर किंवा कपाळावर धरायची बंदूक यांचा आकडाही अशा वेळी कमी येतो. वागणं बघा. दिवस कोणता, आपण कुठे आहोत, हे विचारा.

वाटेत डोक्यावर पाणी ओतावं का? ओता, पुण्याच्या कोरड्या हवेत त्याचा उपयोग होतो. ओला पंचा मानेवर टाका, तो वाळला की पुन्हा भिजवा. मात्र त्याने बरं ‘वाटतं’ जास्त आणि आतलं तापमान उतरतं थोडंच. तेवढ्या जोरावर वेग वाढवू नका.

९. कुणी पडलंच तर

शुद्धीवर आहे, नीट बोलतंय, फक्त गरगरतंय: सावलीत आडवं करा, पाय उंच ठेवा, कपडे सैल करा, घोट घोट ओआरएस द्या. अर्ध्या तासात उतार पडला नाही तर दवाखाना.

असंबद्ध बोलतंय, ओळखत नाही, झटके येतायत किंवा शुद्ध हरपलीय: हा उष्माघात धरूनच चाला. आतलं तापमान ४० च्या वर असतं आणि पहिल्या अर्ध्या तासात ते खाली आणणं यावर जीव अवलंबून असतो. एकाने १०८ ला फोन लावायचा, बाकीच्यांनी त्याच क्षणी गार करायला लागायचं. गाडी येईपर्यंत वाट बघायची नाही. जवळ हौद, टब असेल तर मानेपर्यंत गार पाण्यात ठेवा, बर्फ मिळाला तर त्यात टाका, डोकं कुणीतरी धरून ठेवा. टब नसेल तर ताडपत्रीवर झोपवून चौघांनी कडा उचला आणि आत पाणी ओता. काहीच नसेल तर मिळेल त्या पाण्याने सगळं अंग भिजवत राहा, जोरात वारा घाला, काखेत, मानेवर, जांघेत बर्फ ठेवा. सरबताच्या टपरीवर बर्फ असतोच. पूर्ण शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉल देऊ नका. हा ताप त्या गोळीने उतरणारा नव्हे.

आणि फोनवर जागा नीट सांगा. ‘वेताळ टेकडी’ एवढ्यावरून गाडीला कळत नाही कुठून यायचं. एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या रस्त्याने गाडी बरीच वर येते. गोखलेनगरकडून किंवा लॉ कॉलेजच्या बाजूने चढला असाल तरी बोलावताना एआरएआयची बाजू सांगा आणि एका माणसाला रस्त्यावर उभं करा. सिंहगडाच्या पायवाटेवर मध्यावर गाडी येऊच शकत नाही, तिथे वर जवळ की खाली ते लगेच ठरवावं लागतं. आतकरवाडीतून चढताना मी आता दर टप्प्याला एकदा मागे वळून बघते आणि सोबतीणीला विचारते, आत्ता काही झालं तर कुठे न्यायचं. पहिल्यांदा ती हसली होती. परवा तिनेच आधी विचारलं.